गोष्टीनंतरचा आकडा

गोष्ट रंगते, समोरचा माणूस पुढे सरकून ऐकू लागतो, आणि मग आपण म्हणतो, "तर आम्हाला दोन कोटी हवेत." तो तत्क्षणी मागे टेकतो. बंगळूरच्या चामराजपेटेत बसून लहान-मोठ्या उद्योजकांची सादरीकरणं लिहून देणं हा माझा धंदा. बाकी सगळं सरावानं हाताला बसलं, पण गोष्ट आणि मागणी यांच्यामधला हा सांधा मला छळतो. आकडा पात्राच्या तोंडी घालावा, तर ते पात्र मुनीम वाटू लागतं. मध्ये चहा ठेवावा, तर चहानंतर गोष्ट उरत नाही. छापून हातात द्यावा, तर लोक गोष्ट चालू असतानाच शेवटचं पान उलटतात.

कीर्तनकाराला हा त्रास नसतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात मूळ पद घेऊन निरूपण होतं, उत्तररंगात आख्यान येतं, आणि शेवटी बुवा पुन्हा त्याच पदावर येतात. सांगायचं ते आधीच सांगून झालेलं असतं. गोष्ट येते ती त्याच्या पुराव्याला. आमच्या इथे फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामसेवा मंडळीचा रामनवमीचा संगीतोत्सव भरतो. 1939 सालापासूनची ही परंपरा. तिथे गायक चरण संपवून पल्लवीवर परततो, तेव्हाही मला सांधाच ऐकू येतो. लोक रागात रमलेले असतात आणि मी त्या परतण्याच्या जागेवर कान लावून बसतो.

हे सगळं ठाऊक असूनही मी गोष्ट आधी आणि आकडा नंतर असंच लिहीत आलो. त्यात बदल झाला तो एका मुलीमुळे. विटा-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी देशभर सोनं-चांदी शुद्ध करून देतात. तिच्या घरचाही तोच व्यवसाय, नगरतपेटेजवळच्या गल्लीत. दागिन्यांच्या एका मोठ्या कारखान्याचं काम मिळवण्यासाठी तिला बोलायचं होतं. मी तिला आजोबांचं गाव सोडणं, दुष्काळ, गिऱ्हाइकानं मोडीत दिलेल्या आईच्या बांगड्या असं सगळं लिहून दिलं. मला ते फार आवडलं होतं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "काका, तिथं घट किती हे आधी विचारतात. बांगड्या तर गिऱ्हाइकाच्या. त्या मी कशाला सांगू?"

घट म्हणजे आटणीत कमी होणारं वजन. या धंद्यातला सगळा संशय त्या एका आकड्यात साठलेला असतो. ती कारखान्यात गेली आणि पहिल्याच वाक्यात घट सांगितली. मग वडिलांचं सांगितलं: मुशीत टाकणखार पडतो, सोनं पाणी होतं, तेव्हा गिऱ्हाईक काट्याकडे बघत नाही, वडिलांच्या बोटांकडे बघतं. म्हणून वडील शेवटी रिकामी मूस गिऱ्हाइकासमोर फोडतात आणि तिला चिकटलेले कणही वजनात धरतात. तिनं फुटलेल्या मुशीचा एक तुकडा टेबलावर ठेवला. पुढचे सगळे प्रश्न घटीवरच आले, आणि प्रत्येकाचं उत्तर त्या गोष्टीत आधीच होतं. सांधा कुठे शोधावा हेच मला कळेना.

मला आनंद झाला, पण त्याआधी मत्सर वाटला हेही खरं. गोष्ट संपल्यावर खोलीत जी शांतता पसरते तिची मला चटक आहे. गिऱ्हाइकाला काम मिळण्यापेक्षा ती शांतता मला जास्त हवी असते. ती मुलगी बोलत असताना तशी शांतता पसरलीच नाही. लोक मध्येच विचारत होते, वजन करत होते.

हल्ली आमच्या शहरात हॉटेलांच्या सभागृहांत गोष्ट सांगायला शिकवतात. संस्थापकाचं गॅरेज, गहाण पडलेले दागिने, अपयश, साक्षात्कार. औषधाची कंपनी असो की लोणच्याची, साचा तोच. हे शिक्षक जेफ बेझोस यांचा दाखला देतात: त्यांनी 2004 मध्ये ॲमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट काढून टाकलं. पण त्याजागी आलेली सहा पानी टिपणं बैठकीच्या सुरुवातीला गुपचूप वाचायची असतात, हे कुणी सांगत नाही. तिथे रडायला कुणी नसतं. विचार सलग वाक्यांत मांडला आहे का, एवढंच बघतात.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांना लोखंडी नांगर विकणं अवघड गेलं होतं. लोखंडी नांगरानं जमिनीत विष कालवलं जातं, असं शेतकरी मानत. तिथे कारखानदाराच्या कष्टांची कहाणी काय कामाची? शेतकऱ्याच्या भीतीलाच उत्तर हवं होतं. पुढे 1920 मध्ये कारखान्याची माहिती देणारी 'किर्लोस्कर खबर' निघाली आणि शंकरराव किर्लोस्करांच्या हाती तिचं मोठं मासिक झालं. माल विकणाऱ्यानं वाचकाच्या घरातल्या प्रश्नांपर्यंत जावं, हे मी तिथून घेतो. ऐकणाऱ्याला कशाची धास्ती आहे, तिथेच आकडा ठेवायचा आणि गोष्ट त्या धास्तीची सांगायची.

तरीही एक अडचण उरतेच. घट सांगता येते, कारण ती कमी करून दाखवता येते. पुढच्या आठवड्यात एका छापखान्याच्या मालकाला जुन्या गिऱ्हाइकांना दरवाढ कळवायची आहे. तिथे धास्ती गिऱ्हाइकाची, आकडा मालकाचा, आणि फोडून दाखवायला मूस नाही. मी तीन सुरुवाती लिहिल्या. तिन्हींत नवा दर पहिल्याच ओळीत आहे, आणि तिन्हींत दुसरी ओळ अजून खोटी वाटते.