वात म्हणायचे त्याला

पूर्वी मुंबईच्या खाडीपलीकडच्या आमच्या गोराईत कंबर धरली की निदान ठरलेलं असे: वात. निर्गुडीचा पाला, नारायण तेल, विटेचा शेक. आमचे एक काका ऐन पंचविशीत सकाळी लाकडासारखे ताठून उठायचे. दोनेक तास होडीचं, जाळ्याचं काम केलं की मोकळे व्हायचे. मग घरचे म्हणत, "आळस, दुसरं काय!" विसाव्याने वाढणारं आणि हालचालीने उतरणारं दुखणं हीच अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या कण्याच्या संधिवाताची खूण, हे कोण सांगणार होतं? पुढे खुबे धरले. पंगतीत मांडी घालणं सुटलं. कुणी हाक मारली तर मान नव्हे, अख्खं अंग वळायचं.

मधूनच डोळा लाल व्हायचा, तोही एकच. "डोळे आलेत," म्हणत गुलाबपाणी घालायचे. पण आलेले डोळे चिपडाने चिकटतात. इथे आत ठणका, पाणी आणि उजेड सोसवत नाही. या आजाराच्या साधारण चार रुग्णांतल्या एकाला कधी ना कधी हे होतं. बुबुळाचा रंगीत पडदा सुजतो आणि उपचार लांबले तर मागच्या भिंगाला चिकटतो. मग काचबिंदू, मोतीबिंदू. काकांचा तो डोळा पुन्हा धड झालाच नाही.

या आजाराचं एचएलए-बी२७ या जनुकाशी असलेलं नातं १९७३ मध्येच कळलं होतं. खाडी ओलांडून आमच्यापर्यंत यायला त्याला फार वर्षं लागली. एक्स-रेत बदल दिसेपर्यंत वर्षं जातात, एमआरआयमध्ये सूज आधीच दिसते. सूज रोखणारी इंजेक्शनं आहेत. त्यांतल्या अडालिमुमॅबची भारतीय आवृत्ती झायडस कॅडिलाने २०१४ मध्ये आणली, तरी खर्च साध्या घराला झेपेलच असं नाही.

जुन्या गोराईच्या आठवणीने मी हळवा होतो, पण या बाबतीत मुळीच नाही. एवढं मात्र खरं, की वल्ह्याने काकांना हलतं ठेवलं. आज डॉक्टर व्यायाम लिहून देतात आणि गोराई वसाहतीतला पोरगा दिवसभर संगणकापुढे बसतो. डोळा लाल झाला तर केमिस्टकडून थेंब आणतो. ते तर काकांच्या गुलाबपाण्याहून वाईट. स्टिरॉइडचे थेंब मनाने घातले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो.

तेव्हा तरुण वयात तीन महिन्यांहून जास्त पाठ धरत असेल आणि एक डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. आणि त्यांना पाठीचंही सांगा. ते विचारतीलच असं नाही.