रिकाम्या जागेचा हिशेब

रिकामी जागा दिसली कीं ती भरून काढावी, ही इच्छा मध्यमवर्गीय गृहस्थाच्या हाडींमांसीं खिळलेली असते. फडताळाची फळी मोकळी राहिली तर ती आपल्या डोळ्यांस खुपते, आणि बोचकें बांधतांना एखादें पातळ आणखी मावेल काय, याचा विचार आपण शेवटच्या गांठीपर्यंत करीत असतों. हा गुण चांगलाच. परंतु जागा वांचविणें निराळें आणि जागा ओळखणें निराळें. हा भेद आम्हांस संगणकानें शिकविला.

निर्वाहासाठीं आम्हांस संगणकाच्या ज्या भागाशीं नित्य झगडावें लागतें त्यास कर्नल म्हणतात. सैन्यांतील कर्नलशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. बियांतील गर, अशा अर्थाचा हा इंग्रजी शब्द आहे. यंत्राची स्मृति, म्हणजे मेमरी, कोणत्या प्रोग्रॅमास केव्हां व किती मिळावी, याची वांटणी करणारा तो कारभारी होय. आमच्या आत्याबाईंनीं एकदां विचारलें, "अरे, दिवसभर त्या पडद्याकडे टक लावून तूं मोजतोस तरी काय?" आम्ही म्हणालों, "रिकाम्या जागा, आत्याबाई." उत्तर थट्टेचें वाटलें तरी अक्षरशः खरें होतें.

कर्नल प्रत्येक वस्तूची नोंद एका ठराविक सांच्यांत ठेवतो. सी भाषेंत या सांच्यास स्ट्रक्चर असें नांव आहे. समजा, एका नोंदींत प्रथम एका बाइटाची खूण, मग आठ बाइटांचा पत्ता, व शेवटीं पुन्हां एका बाइटाची खूण अशीं तीन कलमें आहेत. बेरीज दहा बाइट; परंतु आजच्या ६४ बिटांच्या यंत्रावर ही नोंद २४ बाइट अडविते. कारण असें कीं, आठ बाइटांचें कलम आठानें भाग जाणाऱ्या क्रमांकावरच सुरू व्हावें, असा तेथील नियम आहे. एकच कलम दोन फळ्यांवर विभागून ठेवलें तर तें काढावयास दोन खेपा घालण्याची पाळी येते. १९७९ सालचा मोटोरोला ६८००० हा प्रोसेसर तर विषम क्रमांकावरून दोन बाइटांचा शब्द मागितल्यास सरळ नकार देत असे. म्हणून पहिल्या खुणेनंतर कंपायलर सात बाइट मोकळे सोडतो. आणि अशा नोंदी ओळीनें मांडल्या असतां पुढचीहि नियमांत बसावी, यासाठीं शेवटींहि सात सोडतो. या भरावास पॅडिंग म्हणतात. आतां पत्ता प्रथम घेऊन दोन्ही खुणा त्याच्या मागें ठेवल्या कीं तीच नोंद १६ बाइटांत मावते. ही अदलाबदल कंपायलर आपण होऊन करीत नाहीं. लिहिणाऱ्यानें दिलेला क्रम पाळण्याचें बंधन सी भाषेनें त्याच्यावर घातलें आहे.

आठ बाइटांसाठीं एवढा खटाटोप कशाला, असें वाचकांस वाटेल. परंतु लिनक्समध्यें स्मृतीचे सामान्यतः ४०९६ बाइटांचे तुकडे पाडलेले असतात, व प्रत्येक तुकड्यामागें बहुधा ६४ बाइटांची एक नोंद असते. १६ गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रांत अशा ४१,९४,३०४ नोंदी होतात व त्याच २५६ मेगाबाइट जागा व्यापतात. नोंदींत आठ बाइट वाढले कीं आणखी ३२ मेगाबाइट गेले! म्हणूनच त्या नोंदींत एकाच जागेवर प्रसंगानुसार निरनिराळीं कलमें बसविलेलीं आढळतात. अशा नोंदींतील भोंकें हुडकून दाखविणारें 'पाहोल' नांवाचें साधन ब्राझीलचे आर्नाल्दो कार्वाल्हो द मेलो यांनीं तयार केलें, व २००७ सालीं ऑटावा येथील लिनक्स परिषदेंत त्यावर निबंध सादर केला.

एवढ्यावरून सर्व भोंकें बुजवावींत, असें मात्र कोणी समजूं नये. प्रोसेसर स्मृतींतून सुटा बाइट सहसा उचलीत नाहीं. बऱ्याच प्रचलित यंत्रांत तो ६४ बाइटांची सबंध ओळ आपल्याजवळच्या कॅशमध्यें आणतो. मिसळणाच्या डब्यावरून हें चटकन् ध्यानांत येईल. दोन चुलींवर दोघी जावा स्वयंपाक करीत आहेत. एकीस मोहरी हवी, दुसरीस हळद. वाट्या निराळ्या, पण डबा एकच. एकीनें डबा ओढला कीं दुसरीच्या फोडणीचा खोळंबा, आणि वास्तविक दोघींत तंट्याचें कारणच नाहीं! दोन प्रोसेसर एकाच ओळींतील निरनिराळीं कलमें वारंवार लिहूं लागले म्हणजे नेमकें हेंच होतें. तेथें दोन डबे करावे, मग ते अर्धे रिकामे राहिले तरी बेहत्तर. कर्नलमध्यें अशा कलमांमध्यें बुद्ध्या जागा सोडून त्यांस वेगळ्या ओळींवर बसवितात.

खरी भीति आहे ती निराळ्याच गोष्टीची. मोकळी सोडलेली जागा कोरी असतेच असें नाहीं. पूर्वीं तेथें जें लिहिलें होतें तें तसेंच पडून राहतें. कर्नल एखाद्या प्रोग्रॅमास उत्तर देतांना नोंदींतील प्रत्येक कलम काळजीपूर्वक भरतो, व सबंध नोंद त्याच्या हवालीं करतो. भरले बाइट दहा, दिले चोवीस. उरलेल्या चौदांत कोणाचें काय राहिलें आहे, हें कोणीं पाहिलें? त्यांत एखाद्या संकेतशब्दाचा तुकडा असेल, किंवा ज्याच्या आधारानें घरफोड्यास आंतली वाट सांपडावी असा कर्नलच्या अंतर्भागाचा पत्ता असेल. आपल्या खाजगी जमाखर्चाच्या कागदाच्या कोऱ्या कोपऱ्यावर निरोप लिहून तो शेजारीं धाडावा, तशांतला हा प्रकार. लिनक्सच्या इतिहासांत असे दोष पुनःपुनः सांपडले आहेत. लिहिलेली प्रत्येक ओळ तपासली तरी ते सहज दिसत नाहींत, कारण जेथें कांहींच लिहिलेलें नाहीं तेथें ते असतात. आणि आज बँकेपासून दवाखान्यापर्यंत आपल्या घरोघरचीं गुपितें याच यंत्रांच्या स्वाधीन आहेत.

उपाय साधे आहेत. भांडें भरण्यापूर्वीं विसळावें, त्याप्रमाणें सबंध नोंद प्रथम शून्यांनीं पुसून मगच कलमें भरावींत. २०२२ सालच्या लिनक्स ६.१ मध्यें केएमसॅन नांवाचा एक पहारेकरी दाखल झाला. न भरलेला बाइट कर्नलबाहेर जाऊं लागला तर चांचणीच्या वेळीं तो ओरडून सांगतो. परंतु सर्वांत शहाणपणाचा मार्ग हा कीं, भोंक कंपायलरच्या मर्जीवर न सोडतां आपणच त्यास 'राखीव' असें नांव द्यावें, तेथें शून्यच असलें पाहिजे असा नियम करावा, व तो न पाळणाऱ्याची मागणी परत करावी. ३२ बिटांच्या इंटेल यंत्रांसाठीं लिहिलेल्या प्रोग्रॅमांत आठ बाइटांचें कलम चारानें भाग जाणाऱ्या क्रमांकावरहि बसतें, ६४ बिटांच्या कर्नलमध्यें तसें बसत नाहीं. भराव स्वहस्तें लिहिला असतां दोघांची मांडणी एक राहते. शिवाय पुढेंमागें नवी गरज निघाली तर तीच राखीव जागा, जुन्या प्रोग्रॅमांस धक्का न लावतां, उपयोगीं पडते.

आमच्या हाताखालीं नव्यानें येणाऱ्या तरुणांस आम्ही म्हणूनच प्रथम एवढें सांगतों: बाबांनो, तुम्ही काय लिहिलेंत तें आम्ही सावकाश पाहूं; काय न लिहितां सोडलेंत, आणि तें कोणाच्या हातीं पडणार आहे, तें आधीं सांगा.