वीस किलोंत दहा लाख युनिट

तारापूरच्या 540 मेगावॉटच्या अणुभट्टीत जातं तसल्या फ्युएल बंडलची प्रतिकृती एका विज्ञान प्रदर्शनात पाहिली आणि तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे! लांबी जेमतेम अर्धा मीटर. झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या 37 बारीक नळ्या एकत्र बांधलेल्या, प्रत्येक नळीत बोटाच्या पेराएवढ्या युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या. सगळं मिळून युरेनियम सुमारे वीस किलो. तेही नैसर्गिक, समृद्ध केलेलं नव्हे.

घरी येऊन हिशेबाला बसले. अशा भट्टीत एक किलो युरेनियममधून साधारण 50 हजार युनिट वीज निघते. म्हणजे एका बंडलातून दहा लाखांच्या घरात! महिन्याला शंभर युनिट लागणारी आठशे घरं वर्षभर चालतील. तेवढ्याच विजेला कोळसा लागतो सहा-सातशे टन, मालगाडीच्या दहा-बारा वाघिणी भरून. इथे ना धूर, ना राखेचे डोंगर.

अणुविजेच्या स्वस्ताईचं कोडंही तिथेच सुटलं. केंद्र बांधायला पैसा बक्कळ लागतो, वर्षंही जातात. पण एकदा उभं राहिलं की इंधनाचा खर्च त्या मानाने किरकोळ. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 सालच्या, वीज देणाऱ्या देशातल्या पहिल्याच. त्यांच्या बांधणीचा खर्च केव्हाच फिटला आणि कितीतरी वर्षं त्यांची वीज युनिटला रुपयाच्या आसपास मिळाली. रुपयाला! 2005-06 मध्ये आलेल्या नव्या भट्ट्यांची वीज तीन रुपयांच्या आसपास. मात्र त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. त्या माणसांचं देणं या स्वस्ताईत धरायलाच हवं. वापरलेलं बंडलही जहाल असतं, वर्षानुवर्षं पाण्याखाली जपावं लागतं. पण ते असतं तेवढंच, मोजून, राखण करून ठेवता येण्याजोगं.

आणि इंधन बदलण्याची ती तऱ्हा! भट्टी आडवी. दोन्ही तोंडांना दोन यंत्रं येऊन चिकटतात. एक नवं बंडल आत सारतं, दुसरं जुनं झेलून घेतं आणि वीजनिर्मिती क्षणभरही थांबत नाही. म्हणून तर कारवारजवळच्या कैगाची पहिली भट्टी मे 2016 मध्ये सुरू झाली ती सलग 962 दिवस चालली. 31 डिसेंबर 2018 ला बंद केली, तीसुद्धा ठरलेल्या तपासणीसाठी.