मोजणाऱ्याचे माप

लेझर हा शब्द आम्हा जुन्या सुरतकर मराठी कुटुंबांच्या कानी पडला तो हिऱ्यांच्या कारखान्यांमुळे. तोच किरण अंतरही मोजतो. जाऊन परत येण्यास लागलेल्या वेळावरून. कित्येक उपकरणांत तो काचतंतूतून नेतात, आणि खरी गोम तेथेच आहे. तंतू तापला की काचेचा अपवर्तनांक किंचित वाढतो व प्रकाश मंदावतो. १०० मीटर तंतूचे तापमान १० अंशांनी चढले, तर जागचे न हललेले लक्ष्य सुमारे १ सेंटिमीटर दूर गेल्याचे भासते. हिवाळ्यातील पहाट व दुपार यांत सुरतेत एवढा फरक सहज पडतो. म्हणून तंतू समान तापमानात ठेवतात. शिवाय प्रकाशाचा थोडा अंश तंतूच्या टोकावरूनच परतवून तेवढा वेळ एकूण वेळातून वजा करतात. उरते ते खरे अंतर.

गाव दुरावले, तिकडची मराठी बदलली, असे आम्ही वरचेवर म्हणतो. त्यात गाव किती हलले आणि आम्ही किती, हे ठरविण्यास घरातही एखादी स्थिर खूण लागते. आमच्या घरांत ती आजीची मराठी होती. नातवंडांच्या कानी तीच पडेनाशी झाली, तर वजा काय करावयाचे?