कोसबाडची शाळा आणि आमचं अंगण

यंदा भाऊबीजेला आम्ही दोघं वन्संकडे डहाणूला गेलो. एरवी दर वर्षी त्याच नाशिकला येतात. पण गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून त्यांचा एस.टी.चा प्रवास बंद झाला आहे. 'ओवाळून घ्यायचं असेल तर आता तूच ये,' असा भावाला फोनवर हुकूमच आला. सूनबाईनं घर सांभाळायचं कबूल केलं आणि मी चकल्या-अनारशांचे दोन डबे भरून तयार झाले.

निघायच्या आदल्या दिवशी एक लहानशी गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता यायचं नाही. आमच्याकडे धुण्याभांड्याला येते तिची थोरली मुलगी चौथीत आहे. सुट्टी लागण्याआधी महिनाभर ती शाळेत गेलीच नव्हती, हे मला बोलता बोलता कळलं. कारण काय, तर घरी दहा महिन्यांचं तान्हं. आई कामाला बाहेर पडली की त्याला सांभाळणार कोण? मी तिला चांगलंच सुनावलं. "अगं, पोरीच्या जन्माचं नुकसान करतेस तू! शाळा फुकट, पुस्तकं फुकट, आणि तू तिला घरी बसवतेस?" ती काही बोलली नाही. खाली मान घालून कढई घासत राहिली. मला मात्र चार शब्द हिताचे सांगितल्याचं समाधान झालं आणि मी बॅग भरायला घेतली.

नाशिकहून त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार करीत गाडी डोंगर उतरते. दिवाळीनंतरचे दिवस, त्यामुळे उतारावरचं गवत पिवळं पडलं होतं आणि भाताचे भारे जागोजाग रचलेले होते. चारोटीला मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडला की जवळच महालक्ष्मीचं देऊळ आहे. चैत्रात तिथे मोठी जत्रा भरते. तिथून पुढे हवा बदलते. ताडाची झाडं दिसू लागतात, वाड्यांच्या कुंपणाआड काळ्याभोर सावलीची चिकूची झाडं उभी असतात, आणि समुद्र दिसायच्या आधीच त्याचा दमट वारा अंगाला लागतो.

भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी वन्सं म्हणाल्या, "वहिनी, चल, तुला माझी शाळा दाखवते." त्यांची शाळा म्हणजे कोसबाड. तरुणपणी त्यांनी तिथे बालवाडीच्या शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं आणि पुढे लग्न होऊन याच भागात राहिल्या. रिक्षा केली, कारण गुडघे. डहाणूहून घोलवडच्या बाजूला जाताना कोसबाडची टेकडी लागते. फार उंच नाही, पण झाडी दाट. शाळांना सुट्टी होती, त्यामुळे सगळीकडे सामसूम. एका झाडाखालच्या पारावर आम्ही बसलो. सोबत थर्मासमध्ये चहा आणि माझ्या चकल्या होत्याच.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ही नावं आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेली असतात. मीही तेवढंच वाचलं होतं. ताराबाईंचा जन्म १८९२चा. त्या काळात पदवीधर झालेल्या, राजकोटला ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य. ती मानाची नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करायला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार. मुंबईत नाव झालं, सुखवस्तू घरांतली मुलं येऊ लागली. आपल्यासारखी असती तर म्हणाली असती, झालं आता, बसू या जरा. पण १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी इथे जवळच समुद्रकाठी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. माँटेसरीबाईंची पद्धत उत्तम, पण तिची महागडी साधनं खेड्यातल्या मुलांना कुठून मिळणार, हा प्रश्न त्यांना सुटायला हवा होता.

तिथेच अनुताई त्यांच्या हाताखाली आल्या. अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आलं. पुढे त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि पस्तिसाव्या वर्षी बोर्डीला येऊन या कामात पडल्या त्या कायमच्या. १९५७ मध्ये दोघींनी केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलवलं, कारण वारली आदिवासींचे पाडे इथे होते. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या!

"पण मुलं यायची का हो वन्सं?" मी विचारलं.

"तीच तर गंमत आहे," त्या म्हणाल्या. "यायची नाहीत."

आधी चांगल्या कपड्यातलं माणूस दिसलं की मुलं पळायची. आणि त्यात नवल ते काय! या भागातल्या वारल्यांनी जमीनदारांची वेठबिगारी पिढ्यान्पिढ्या सोसलेली. १९४५ मध्येच गोदावरी परुळेकरांच्या पुढारीपणाखाली त्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला होता. बाहेरून येणारा माणूस काही तरी न्यायलाच येतो, एवढंच त्यांना ठाऊक. मग शाळाच पाड्यात गेली. कुणाच्या तरी अंगणात झाडलोट करायची, जमतील ती मुलं घेऊन गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या. घराच्या अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. आज गावोगाव अंगणवाड्या आहेत. सरकारची बालविकास योजना १९७५ मध्ये निघाली तेव्हा हाच शब्द देशभर गेला. आपल्या मराठी अंगणातला शब्द!

मग वन्संनी मला शाळेची रीत सांगितली. मी मनातल्या मनात आमच्या नातवाच्या शाळेशी तिची तुलना करीत होते. आमचा नातू खाजगी इंग्रजी शाळेत आहे. प्रवेश घेताना नियमांची चांगली जाडजूड पुस्तिका मिळाली. सात वीसला फाटक बंद. नखं वाढली की डायरीत शेरा. बुटांना पॉलिश नाही, शेरा. मागच्या पावसाळ्यात रिक्षा बंद पडली आणि पोरगं पाच मिनिटं उशिरा पोचलं, तर पहिला तास संपेपर्यंत फाटकाबाहेर भिजत उभं. शिस्त हवीच हो, मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी त्याला ताप आला, तो मी अजून विसरलेले नाही.

कोसबाडच्या बालवाडीत दिवसाची सुरुवात स्वच्छतेनंच व्हायची. पण मळक्या अंगानं आलेल्या मुलाला परत पाठवायचं नाही, शेराही मारायचा नाही. शिक्षिकेनंच त्याला आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे. आरशात तोंड दाखवायचं. घरी पाणी लांबून आणावं लागतं, साबण नाही, तेल नाही. तिथे मुलाला शिक्षा करून ते स्वच्छ कसं होणार? शाळेत अंग धुतलं की मोकळं वाटतं हे मुलाला कळलं, म्हणजे ते आपणहून पाणी मागतं. शिकवताना मारायचं नाही, हा तर ताराबाईंच्या शिक्षणाचा पायाच.

साधनं म्हणाल तर विकत काहीच नाही. चिंचोके, सागरगोटे, शंखशिंपले, पानं, काड्या, बांबूचे तुकडे, मातीची मडकी. चिंचोक्यांनी मोजायला शिकायचं, पानांवरून लहान-मोठं आणि रंगांच्या छटा ओळखायच्या. शिंपले समुद्रानं दिले, चिंचोके झाडानं. मला आमच्या घरातलं कपाट आठवलं. त्यात नातवाची 'शैक्षणिक खेळणी' खोक्यांसकट पडून आहेत, आणि तो तासन्‌तास खेळतो ते माझ्या डाळींच्या डब्यांशी!

पण मला खरी गोम कळली ती पुढे. सहा-सात वर्षांच्या वरची मुलं प्राथमिक शाळेत का येत नाहीत, याचा या दोघींनी शोध घेतला. मुलगे गुरं राखायला जात होते. मग कुरणशाळा निघाली. गुरं चरतात त्या माळावरच शिक्षक साहित्य घेऊन जायचा. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली बसून शिकताहेत, आणि एखादी गाय भरकटली की मुलगा उठून तिला वळवून आणतोय. काम सोड आणि शाळेत ये, असं त्याला कुणी सांगितलं नाही, कारण ते काम सुटलं तर चूल पेटायची नाही.

आणि मुलींच्या काखेत धाकटी भावंडं होती. मुलगी शाळेत आली तर तान्ह्याला कोण बघणार? म्हणून विकासवाडी निघाली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. मोठीनं येताना धाकट्यांना घेऊन यायचं. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, आणि ती स्वतः पाटी घेऊन वर्गात. मधल्या सुट्टीत जाऊन भावाला बघून यायचं. तिघंही एका वाटेनं येणार, एका वाटेनं जाणार.

हे ऐकताना मी चकली हातात धरूनच बसले होते. मग मी वन्संना आमच्या कामवालीच्या थोरलीची हकिकत सांगितली. मी तिच्या आईला कसं सुनावलं तेही सांगितलं. मला वाटलं, त्या माझीच बाजू घेतील.

वन्संनी शांतपणे विचारलं, "ती पोर बाळाला घेऊन घरी बसते, तेव्हा तिची आई कुठे असते?"

"आमच्याकडे," मी म्हटलं, आणि मग माझ्या तोंडून पुढे शब्दच निघेना.

खरंच की! माझी भांडी वेळेवर घासून व्हावीत म्हणून ती मुलगी शाळा सोडून घरी बसत होती. कायदा, फुकट पुस्तकं, सगळं मला पाठ. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क आहे, तो कायदा २०१० पासून लागू आहे, हेही ठाऊक. पण त्या हक्काच्या आड आमची मोरी येते, हे कधी मनातच आलं नव्हतं. वन्सं मला काही बोलल्या नाहीत. चहा संपवून आम्ही उठलो.

नाशिकला परत आल्यावर मी आधी यांच्याशी बोलले, मग सूनबाईशी. आणि कामवालीला म्हटलं, "शाळा सुरू झाली की बाळाला इथे घेऊन ये. तू चार घरची कामं करून येईपर्यंत ते माझ्याकडे राहील. थोरलीला शाळेत पाठव."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "काकू, मग पगार किती कापाल?"

मैत्रिणींनो, मला इतकं लाजल्यासारखं कधी झालं नव्हतं. "एक पैसाही नाही," मी म्हटलं, तरी तिचा विश्वास बसायला पहिली तारीख उजाडावी लागली.

पहिला दिवस बाळानं रडून घर डोक्यावर घेतलं. हे पेपर बाजूला ठेवून त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारीत होते. दुसऱ्या दिवशी मी जुन्या नऊवारीची झोळी बांधली, तेव्हा कुठे त्याला झोप लागली. शेजारणी म्हणाल्या, "आज एक सांभाळाल, उद्या चार येतील." आल्याच! समोरच्या घरी काम करणारीचं दोन वर्षांचं पोर आलं. पण समोरच्या वहिनींनी मंगळवार आणि शुक्रवार आपल्याकडे घेतला, आता मला ते दोन दिवस भाजी आणायला मोकळे मिळतात. डाळींचे डबे आणि झाकणं हीच आमची साधनं. चिंचोके मात्र ठेवत नाही. अगदी लहान मुलं तोंडात घालतात, तेव्हा तेवढं सांभाळा.

सगळं सुरळीत झालं असं नाही. परवा लग्नाला गेले तेव्हा थोरलीची शाळा बुडाली. महिनाभराच्या खाड्यामुळे तिला भागाकार अडतो. दुपारी बाळाला न्यायला येते तेव्हा नातू तिच्याशी पाटी घेऊन बसतो. नातवाच्या शाळेचं फाटक अजूनही सात वीसलाच बंद होतं. या महिन्याच्या पालकसभेत मी उठून विचारणार आहे, उशीर झालेल्या मुलाला निदान आत आडोशाला तरी उभं करा ना? सूनबाई म्हणते, "आई, मीही येते."

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये. त्यांचं काम डोंगराएवढं आणि आमचं एका झोळीएवढं. पण कुणाची शाळा कशामुळे बुडते आहे हे बघायला आपल्या घराबाहेर जावंच लागतं असं नाही, एवढं मी त्या टेकडीवरून घेऊन आले.

जाता जाता: कोसबाडला जायचं तर पश्चिम रेल्वेनं डहाणू रोड किंवा घोलवडला उतरावं आणि रिक्षा करावी. मुंबईची लोकल २०१३ पासून डहाणूपर्यंत येते. परतताना घोलवडचे चिकू जरूर आणा. कच्चे आणले तर वरची भुकटी चोळून धुऊन टाका, कोरडे करा आणि खोक्यात वाळलेल्या गवतात किंवा कागदात ठेवा. रोज एकदा दाबून बघा. एक पिकला की लगेच काढा, नाहीतर तो शेजारच्यांनाही घाई करतो.