दोन बुकमार्कांचं पुस्तक

डेव्हिड फॉस्टर वॉलेसच्या 'इन्फिनिट जेस्ट'ला (१९९६) दोन बुकमार्क लागतात. एक कथेत, एक मागच्या टिपांत. पानं १०७९, टिपा ३८८! टिपा गाळाव्यात म्हटलं तर पठ्ठ्याने कथेचे दुवेच तिथे लपवलेत. एकशेदहावी टीप पानंच्या पानं चालते आणि तिला पुन्हा स्वतःच्या टिपा. फंक्शनमधून फंक्शन कॉल होत जातं आणि परत येईस्तोवर आपण मुळात कुठे होतो हेच विसरतो. त्यात वर्षांना आकडे नाहीत, प्रायोजक कंपन्यांची नावं. कुठलं वर्ष कुठल्या वर्षानंतर, ही यादी हाती येते थेट २२३व्या पानावर. तोवर चाचपडा!

कथेच्या मुळाशी एक फिल्म आहे, इतकी रंजक की बघणारा जेवणखाण सोडून मरेपर्यंत तीच बघत बसतो. अ‍ॅरिझोनातल्या डोंगरावर दोन हेर रात्रभर यावर काथ्याकूट करतात. त्यातल्या एकाचं आडनाव माराथ की काय. मी आपला शेवटपर्यंत 'मराठे' वाचत होतो. हा भाग मात्र जाम कंटाळवाणा. असो.

शनिवार-रविवार मिळून चाळीसेक पानं, असे सहा महिने गेले. टिकलो तो डॉन गेटलीमुळे. बोस्टनच्या व्यसनमुक्ती केंद्रातला हा माजी घरफोड्या. देवावर विश्वास नाही, तरी सांगितलंय म्हणून रोज गुडघे टेकतो, आणि त्याची नशा सुटलेली राहते. का, ते त्यालाही कळत नाही. पुढे गोळी लागून इस्पितळात पडतो, पण वेदनाशामक औषध घेत नाही, कारण तेच त्याचं जुनं व्यसन. अख्खी रात्र सोसायची नाही, फक्त हा एक क्षण सोसायचा, मग पुढचा.

माझे एक काका एए मीटिंगला जातात. कसे आहात विचारलं की वर्षानुवर्षं एकच उत्तर, "आजचा दिवस चांगला." एवढा शिकलेला माणूस कॅलेंडरवरच्या सुविचारासारखं का बोलतो, हे मला कोडंच होतं. गेटलीची ती पानं संपवली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. दुसऱ्या दिवशी काकांना फोन केला. पुस्तकाचं काही बोललो नाही. त्यांच्या मीटिंगमध्ये नेमकं काय होतं, एवढंच विचारलं, आणि ते तासभर बोलले.

कादंबरी मध्येच थांबते. काळाच्या हिशेबात शेवटचा प्रसंग पहिल्याच प्रकरणात असतो, त्यामुळे पुन्हा पान एक. तिथे टिपा नाहीत, एक बुकमार्क पुरतो.