माळावरचा सिनेमा

वेस्टर्न म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडील विरळ वस्तीच्या, कायदा अजून पुरता न पोहोचलेल्या मुलखात घडणारा घोडेस्वारांचा, गुराख्यांचा आणि दरोडेखोरांचा चित्रपट. आणि त्याची जी धाकटी पाती थोडक्या पैशांत व थोडक्या दिवसांत चित्रित होत असे, तिला त्या व्यवसायात ‘बी-पट’ म्हणत. १९३० नंतरच्या मंदीत तिथे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची प्रथा पडली, आणि मुख्य चित्रपटाचे भाडे गल्ल्याच्या टक्केवारीवर तर जोडचित्रपटाचे भाडे ठरावीक रकमेत मिळू लागले. जोडचित्रपट कितीही चालला तरी निर्मात्याच्या हाती येणारा पैसा आधीच ठरलेला असल्याने खर्चाला पहिल्या दिवसापासूनच लगाम घालावा लागे. १९३५ साली स्थापन झालेल्या ‘रिपब्लिक पिक्चर्स’सारख्या कंपन्या याच गणितावर उभ्या होत्या, त्यांच्या घोडेस्वारांमागे तेच खडक आणि तीच वाट पुन्हापुन्हा दिसत असे.

या गरिबीने चित्रपटांचे नुकसान केले, तसे त्यांना एक दुर्मीळ देणेही दिले. बड बॉटिकर या दिग्दर्शकाने रँडॉल्फ स्कॉट या उतारवयाकडे झुकलेल्या नटाला घेऊन १९५९ साली केलेला ‘राइड लोनसम’ जेमतेम सव्वा तासाचा आहे. त्यात मोजकी माणसे, त्यांचे घोडे, कॅलिफोर्नियातील लोन पाइनचे उघडेबोडके खडक आणि शेवटी मोकळ्या जागेत उभे असलेले एक झाड आहे. त्या झाडाला नायकाच्या पत्नीला फाशी दिलेली असते, आणि सूड पुरा झाल्यावर तो ते झाड पेटवून देतो. भव्य नेपथ्य उभारता येत नव्हते म्हणून एकाच झाडावर सगळा भार पडला आणि त्या झाडाने तो पेलला. ज्याला स्वस्त चित्रपट म्हणून हिणवले गेले, त्यात पैशाची जागा भूमीने आणि माणसाच्या निर्धाराने भरून काढलेली असते. त्याची ओढ मुख्यतः तिथून येते.

ही ओढ सातारा-सांगलीच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. सातारा जिल्ह्यातच पश्चिमेला महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि पूर्वेला सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराने ढग अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या पट्ट्यात, माण व खटावच्या वाट्याला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही पाऊस येत नाही. पुढे सांगलीच्या आटपाडी, जत, कवठे महांकाळपर्यंत असाच माळ पसरलेला आहे. या माळावर दूरवरून येणारा माणूस अर्धा तास आधी दिसतो, आणि तो कोण, कशासाठी येतो आहे, याचा विचार करायला बघणाऱ्याला पुरेसा वेळ मिळतो. वेस्टर्नचा आरंभ बहुधा असाच असतो.

एडविन पोर्टरचा १९०३ सालचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’, म्हणजे आगगाडी लुटण्याची सुमारे बारा मिनिटांची कथा, या चित्रपटप्रकाराचा आद्य नमुना मानला जातो. ७ जून १९४३ रोजी कराड तालुक्यातील शेणोलीजवळ प्रति सरकारच्या, म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली इंग्रज सत्तेला समांतर उभ्या राहिलेल्या राज्यव्यवस्थेच्या, तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी खरोखरच अडवली. पुढे रुळांवर दगड रचले आणि गाडी मागे सरू नये म्हणून शेवटच्या डब्यामागेही रचले. हाताशी होते विळे, काठ्या आणि थोडे गावठी बॉम्ब. जे हाती आहे तेवढ्यात काम तडीस नेण्याची ही रीत पाहिली की कोणताही सहृदय प्रेक्षक त्या दगडांजवळ क्षणभर थांबेल.

एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराने ‘सामाजिक दरोडेखोर’ अशी संज्ञा रूढ केली: सरकार ज्याला गुन्हेगार ठरवते पण गोरगरीब ज्याला आपला पाठीराखा मानतात, तो. वाळवा तालुक्यातील वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांनी १९५९ सालच्या ‘फकिरा’त असाच नायक उभा केला होता, दुष्काळात धान्य आणि सरकारी खजिना लुटून भुकेल्यांना वाटणारा. पुढे ‘फकिरा’ आणि अण्णाभाऊंचीच ‘वारणेचा वाघ’ या दोन्ही कादंबऱ्या पडद्यावर आल्या. हे चित्रपट हॉलिवुडच्या घोडेस्वारांची नक्कल नव्हते. वारणेच्या खोऱ्यात जातीने गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या माणसाचा सन्मान ‘फकिरा’च्या केंद्रस्थानी होता, आणि हा प्रश्न अमेरिकी बी-पटांना क्वचितच सुचला.

असे चित्रपट या भागाने बंदिस्त थिएटरांइतकेच जत्रेच्या तंबूत पाहिले. पडदा म्हणजे ताणून बांधलेले कापड, बैठक म्हणजे जमीन, बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला. ट्रकमधून आणलेल्या यंत्रात कार्बनच्या कांड्या जाळून उजेड केला जाई, आणि त्या उजेडाच्या पट्ट्यात बाहेरच्या बैलबाजारातली धूळ तरंगत असे. पडद्यावरच्या घोड्यांनी उडवलेली धूळ आणि तंबूतली धूळ यांत फरक करणे अवघड होई. वातानुकूलित सभागृहात ही धूळ नाही, आणि ती गेल्याने चित्रपटाचे काहीतरी खरोखर हरवले, असे म्हणायला संकोच वाटू नये.

या सगळ्याच्या सर्वांत जवळ, बंदुकीशिवाय, पोहोचते ती व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. १९५५ सालच्या या कादंबरीवर अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये बेताच्या खर्चात चित्रपट केला. एक तरुण मास्तर माळ तुडवत धनगरांच्या वाडीत येतो, परका म्हणून संशयाने पाहिला जातो, हळूहळू वाडीचा होतो आणि सर्वांना राबवून तालीम उभी करतो. वेस्टर्नमध्ये काम संपल्यावर परका स्वार निघून जातो आणि वस्ती त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत मागे राहते. माणदेशात पाऊस दडी मारतो, चारा संपतो, धनगर मेंढरे घेऊन जगायला जातात आणि वाडी ओस पडते. जाणाऱ्यांच्या पाठीकडे बघत उभा राहतो तो मास्तर.